गावातल्या घरासाठी टीव्ही घेताना: आधी लाईन, भिंत आणि छत्री बघा, मग दुकान

सोयाबीनचे चुकारे झाले, दिवाळी तोंडावर आली की यवतमाळ, वाशीम, वर्धा, अमरावती, कुठल्याही जिल्ह्याच्या बाजारपेठेत टीव्हीच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. गावाकडून आलेलं कुटुंब भिंतीभर लखलखणाऱ्या टीव्हींसमोर उभं राहतं आणि पहिला प्रश्न विचारतं, "कोणती कंपनी चांगली?" टीव्ही आणि डिशच्या दुरुस्तीसाठी माझं खेड्यापाड्यांत जाणं होतं. बंद पडलेला टीव्ही उघडला की दोष बहुतेक वेळा कंपनीत सापडत नाही. लाईनीतली झिरोची (न्यूट्रलची) वायर तुटून दाब वाढलेला असतो, जवळपास वीज पडलेली असते, टिनाखालच्या उन्हाने आतल्या एलईडी दिव्यांच्या पट्ट्या गेलेल्या असतात. कधी बिघाड अगदी साधा असतो, पण तो काढणारा माणूस गावापर्यंत यायला तयार नसतो. म्हणून पहिल्यांदाच सपाट पडद्याचा टीव्ही घेणाऱ्यांनी विचार कुठून सुरू करावा, ते मी माझ्या क्रमाने सांगतो. यातल्या पहिल्या चार पायऱ्या घरीच उरकायच्या आहेत.

पहिली पायरी: घरातली लाईन

टीव्हीच्या मागच्या स्टिकरवर बहुधा "१००–२४० व्होल्ट" असं छापलेलं असतं. म्हणजे संध्याकाळी दाब १६०-१७० पर्यंत उतरला, पंखा रेंगाळायला लागला, तरी असा टीव्ही चालत राहतो. कमी दाबाची फार काळजी करू नका. घात होतो तो अचानक वाढलेल्या दाबाने.

हे कसं घडतं ते समजून घ्या. डीपीवरून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरून, गावात तीन फेज आणि एक झिरो निघतो. प्रत्येक घराला एक फेज आणि तो सगळ्यांचा मिळून असलेला झिरो मिळतो, म्हणून बोर्डात २३० व्होल्ट येतात. वादळात फांदी कोसळली किंवा खांबावरचा जोड जळाला आणि झिरो तुटला, तर वेगवेगळ्या फेजवरची घरं एका माळेत ओवली जातात. मग काही घरांत दाब एकदम पडतो आणि काहींत ३०० च्या वर, कधी ४०० च्या जवळपास चढतो. बल्ब पांढरेफटक होतात आणि उठून बटन बंद करेपर्यंत टीव्ही, फ्रिज, मोबाईलचा चार्जर असं सगळं एकदम जातं. दाबामुळे झालेलं असं नुकसान कंपन्या सहसा वॉरंटीत धरत नाहीत.

यावर चांगला उपाय आहे. वायरमनकडून मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या. दाब मर्यादेबाहेर गेला की तो अख्ख्या घराची लाईन तोडतो आणि ठीक झाल्यावर थोड्या वेळाने परत जोडतो. टीव्हीसोबत फ्रिज आणि पाण्याची मोटरही वाचते. टीव्हीसाठी बाजूला काढलेल्या पैशांतला पहिला खर्च हाच करावा, भले त्यापायी टीव्ही एक साइझ लहान घ्यावा लागला तरी चालेल. ते जमतच नसेल तर टीव्हीपुरता स्टॅबिलायझर घ्या, पण त्यात "हाय कट-ऑफ", म्हणजे दाब फार चढला की लाईन तोडण्याची सोय, आहे ना हे विचारून घ्या. नुसता दाब चढवून देणारा जुन्या पद्धतीचा स्टॅबिलायझर इथं उपयोगाचा नाही.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. नव्या बांधकामातही अनेक घरांत अर्थिंगची वायर बोर्डापर्यंत येते आणि पुढे कुठंच जात नाही. स्पाइक गार्ड (दाबाचा झटका अडवणारा जोडबोर्ड) घेतला तरी अर्थिंग नसेल तर तो अर्धंच काम करतो. वायरमनला खड्डा दाखवायला सांगा. आपल्या काळ्या मातीत उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, खड्डा कोरडा होतो आणि अर्थिंग असूनही काम करत नाही. मार्च ते जून आठवड्यातून एकदा त्यात बादलीभर पाणी ओता.

आणि आकाशातली वीज. मे-जूनच्या वळवाला आणि परतीच्या पावसात आपल्याकडे ती फार पडते. तिच्यापुढे स्टॅबिलायझर, प्रोटेक्टर, स्पाइक गार्ड यांच्यातलं काहीही भरवशाचं नाही. ढग गडगडायला लागण्याआधीच प्लग बोर्डातून काढायचा, बटन बंद करून भागत नाही. बहुतेक लोक एवढं करतात आणि डिशच्या छत्रीची किंवा केबलची वायर तशीच ठेवतात. छपरावरची छत्री हाच विजेला घरात यायचा रस्ता असतो. ती वायर सेट टॉप बॉक्समधून काढून टीव्हीपासून लांब ठेवा, इंटरनेटची तांब्याची वायर असेल तर तीही. मात्र गडगडाट सुरू झाला असेल तर वायरींना हात लावायला जाऊ नका, माणूस टीव्हीपेक्षा मोलाचा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं "दामिनी" ॲप मोबाईलमध्ये ठेवलं तर आसपास वीज पडण्याचा इशारा मिळतो. शेतात काम करणाऱ्यांकडे ते असायलाच हवं, टीव्हीला त्याचा फायदा आपोआप होतो.

घरात इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्ह आहे की स्क्वेअर वेव्ह, हे बघा. टीव्हीसाठी साइन वेव्हच बरा.

दुसरी पायरी: खोली आणि भिंत

बहुतेक टीव्हींच्या माहितीपत्रकात चालवण्याचं तापमान ४० अंशांपर्यंत दिलेलं असतं. आता आपला मे महिना आठवा. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी ४५ च्या पुढे जातात, आणि टिनपत्र्याखालच्या खोलीत दुपारी त्याहूनही जास्त तापतं. म्हणजे टीव्ही बंद असतानाच मर्यादा ओलांडलेली असते. कवेलूचं किंवा स्लॅबचं घर त्या मानाने बरं. टिनाचं घर असेल तर टीव्हीची जागा मधल्या खोलीत धरा, पश्चिमेची तापणारी भिंत टाळा, आणि मे महिन्यात दुपारी बारा ते चार टीव्हीला आराम द्या. तासन् तास उन्हात चाललेल्या टीव्हीच्या मागच्या एलईडी पट्ट्या लवकर जातात.

शोकेसच्या खणात टीव्ही बसवण्याची हौस पुष्कळांना असते. तसं करू नका. चारी बाजूंनी किमान चार इंच मोकळं हवं, वरच्या बाजूला तर नक्कीच. कूलर असेल तर त्याचा झोत टीव्हीवर येता कामा नये. कूलरच्या हवेत ओलावा असतो आणि आपल्या बोअरच्या खारट पाण्याचे बारीक थेंब कधी कधी सोबत उडतात.

भिंत मातीची किंवा मातीच्या जुडाईची असेल तर टीव्ही भिंतीवर टांगू नका. खिळा आज घट्ट वाटतो, पावसाळ्यात भिंत ओल धरते आणि सैल होतो. अशा घरात मजबूत टेबल चांगलं. लहान मुलं असतील तर टीव्ही मागच्या बाजूने पट्ट्याने टेबलालाच बांधून टाका, कारण सपाट टीव्ही पुढच्या बाजूला सहज कलतो.

उंचीबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथं जवळपास सगळ्याच घरांत गडबड होते. उंदीर आणि पोरांच्या भीतीने टीव्ही थेट छताजवळ लावतात. आपण बघतो मात्र सतरंजीवर बसून. तासभर मान वर करून बसलेल्या आजीला विचारा काय होतं ते. जमिनीवर बसणाऱ्यांसाठी पडद्याचा मधला भाग जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर असावा. त्याहून वर लावणं भागच असेल तर खाली झुकणारा स्टँड मागून घ्या.

समोर दार किंवा खिडकी येते का तेही बघा. दिवसा उघड्या दाराचा उजेड पडद्यावर पडला की क्रिकेटच्या मॅचमध्ये आपलंच अंगण दिसत राहतं.

तिसरी पायरी: टीव्हीवर काय बघणार

मोफत छत्री, केबल किंवा महिन्याच्या रिचार्जची डिश, आणि इंटरनेट, असे तीनच मार्ग आहेत. तुमच्या घरात खरोखर कोणता चालणार, हे आधी ठरवा. पुढची सगळी निवड त्यावर उभी आहे.

मोफत छत्री म्हणजे दूरदर्शनची डीडी फ्री डिश. ती २००४ च्या डिसेंबरपासून सुरू आहे आणि तिला महिन्याचा खर्च नाही. छत्री आणि बॉक्स एकदा घेतला की झालं. तिचा उपग्रह, जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला आहे. विदर्भातून छत्रीचं तोंड आग्नेयेकडे आणि बरंचसं वर करावं लागतं, तेव्हा त्या बाजूला कडुनिंबाची फांदी आलेली नको. धो-धो पावसात चित्र जाणारच, तो बिघाड नव्हे. काही नव्या टीव्हींत सॅटेलाइट ट्यूनर आतच असतो, म्हणजे छत्रीची वायर थेट टीव्हीला लागते आणि मोफत वाहिन्यांसाठी वेगळा बॉक्स लागत नाही. एकाच रिमोटवर घर चालत असेल तर म्हाताऱ्या माणसांना फार सोपं जातं, म्हणून हे दुकानात आवर्जून विचारा.

फ्री डिश आणि साध्या केबलच्या बहुतेक वाहिन्या एसडी असतात, म्हणजे चित्र ५७६ ओळींचं. फुल एचडी टीव्हीत १०८० ओळी असतात, फोर-केमध्ये २१६०. कमी ओळींचं चित्र मोठ्या पडद्यावर ताणलं की ते पसरट आणि धुरकट दिसतं. शेजाऱ्याकडचा जुना २१ इंची टीव्ही नव्या ५५ इंचीपेक्षा स्पष्ट दिसतो अशी तक्रार येते, ती याच कारणाने. टीव्हीत खोट नसते, त्याने दाखवावं असं काही त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

इंटरनेटवर बघायचं असेल तर हिशेब आधी करा. एसडी चित्राला तासाला सुमारे १ जीबीपर्यंत डेटा लागतो, एचडीला ३ जीबीपर्यंत, फोर-केला ७ जीबीपर्यंत. दिवसाला दीड-दोन जीबीच्या मोबाईल पॅकवर हॉटस्पॉट लावून एचडी सिनेमा अर्धासुद्धा होत नाही. गावात फायबर आलं असेल तर प्रश्न नाही. नसेल तर रात्री आठच्या सुमारास, गावभर मोबाईल चालू असताना, ज्या खोलीत टीव्ही ठेवायचा त्याच खोलीत बसून मोबाईलवर एचडी व्हिडिओ लावून बघा. अडखळला तर टीव्हीवरही अडखळेल. मेळघाट, धारणी, सिरोंचा, भामरागड अशा भागांत रेंजचं दुखणं जुनंच आहे. तिथल्या वाचकांनी स्मार्ट टीव्हीसाठी जास्त पैसे मोजण्याआधी ही परीक्षा जरूर घ्यावी. पुढे नेट आलंच तर एचडीएमआय खाचेत (चित्र आणि आवाज एकाच वायरीने घेणाऱ्या) लागणारी स्ट्रीमिंग स्टिक घेता येते, तिने साधा टीव्हीही स्मार्ट होतो.

चौथी पायरी: किती इंच

इंच मोजतात ते कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, तिरपे. ३२ इंचाचा पडदा साधारण ७१ सेंटीमीटर रुंद आणि ४० उंच असतो. ४३ चा ९५ बाय ५४, ५५ चा १२२ बाय ६८. घरी या मापाचे कागद जोडून भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या. दुकानाच्या मोठ्या हॉलमध्ये लहान वाटणारा ४३ इंची आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत चांगला मोठा दिसतो.

अंतराचा अंदाज असा: ३२ साठी चार ते साडेसहा फूट, ४३ साठी साडेपाच ते नऊ, ५५ साठी सात ते साडेअकरा. मुख्य वापर फ्री डिशचा असेल तर यातल्या जास्तीच्या अंतराकडे झुका, नाहीतर एक साइझ खाली या. छोट्या खोलीत आणि मोफत छत्रीवर ३२ इंची हा अगदी योग्य टीव्ही आहे. लोक काय म्हणतील म्हणून मोठा घेण्याचं काही कारण मला दिसत नाही.

वीजबिलात मोठा फरक पडत नाही, पण पडतो. ५० वॉटचा टीव्ही रोज पाच तास चालला तर महिन्याला साडेसात युनिट होतात, १२० वॉटचा असेल तर अठरा. खोक्यावरच्या स्टार लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील ते छापलेलं असतं, दोन मॉडेलांत निवडताना तो आकडा ताडून बघा.

पाचवी पायरी: खोक्यावरचे शब्द

एलईडी, क्यूएलईडी, ओएलईडी. यातल्या पहिल्या दोघांची जात एकच. एलसीडीचा पडदा आणि त्याच्या मागे एलईडी दिव्यांचा उजेड. क्यूएलईडीत मध्ये क्वांटम डॉटचा एक थर असतो, त्याने रंग जास्त भरीव दिसतात. ओएलईडीचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, काळा रंग खरा काळा दिसतो, किंमतही तशीच असते. पण दिवसभर एकच बातम्यांची वाहिनी लावून ठेवायची सवय असेल तर तिच्या पट्टीचा ठसा ओएलईडीवर कायमचा उमटू शकतो. पहिल्या टीव्हीसाठी चांगला एलईडी पुरे.

फसवणूक होते ती पुढच्या शब्दांत. "काकाजी, यात फोर-के सपोर्ट आहे, घेऊन टाका," असं विक्रेता म्हणतो. सपोर्ट याचा अर्थ एवढाच, की टीव्ही फोर-के व्हिडिओ घेऊन लहान करून दाखवतो. पडदा खरा कितीचा, हे आकड्यांवरूनच कळतं: १३६६ × ७६८ म्हणजे एचडी रेडी, १९२० × १०८० म्हणजे फुल एचडी, ३८४० × २१६० म्हणजे फोर-के. खोक्यावर हे आकडे बोटाने दाखवायला सांगा. आकडे कुठंच छापलेले नसतील तर तो टीव्ही सोडून द्या.

मोठ्या कंपनीच्या नावात एखादं अक्षर बदलून विकले जाणारे जुळवलेले टीव्हीही बाजारात येतात, जत्रेच्या सेलमध्ये तर हमखास. टीव्हीवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असणं बंधनकारक आहे. "बीआयएस केअर" ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की कुणाच्या नावावर नोंदला आहे ते दिसतं.

स्मार्ट टीव्ही घेत असाल तर रॅम, म्हणजे काम करतानाची मेमरी, किती ते विचारा. १ जीबी रॅमचा टीव्ही सुरुवातीला बरा चालतो, ॲप अपडेट होत गेले की रिमोटचं बटन दाबून वाट बघत बसावं लागतं. दीड-दोन जीबी असेल तर बरं. आणि फक्त "अँड्रॉइड" लिहिलंय यावर जाऊ नका. गुगलची अधिकृत टीव्ही प्रणाली, किंवा मोठ्या कंपन्यांची टायझेन, वेबओएससारखी स्वतःची प्रणाली असेल तर ओटीटीची ॲप्स नीट चालतात.

मागच्या बाजूच्या खाचा मोजा. एचडीएमआय किमान दोन, यूएसबी एक. घरात जुना सेट टॉप बॉक्स असेल तर लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांची एव्ही खाच लागेल. काही टीव्हींत ती एका बारीक पिनेत दिलेली असते आणि तिची जोडवायर खोक्यात मिळते. ती मिळाली की नाही, तिथंच बघा.

सहावी पायरी: दुकानात उभं राहून

दुकानातला प्रत्येक टीव्ही सुंदर दिसतो, कारण तो चमकदार मोडवर असतो आणि त्यावर कंपनीचीच फोर-के फिल्म चालू असते. मोड "स्टँडर्ड" करायला लावा. मग साधी एसडी वाहिनी लावायला सांगा, सह्याद्री लावली तरी चालेल. तुम्ही घरी जे बघणार तेच इथं बघायचं. पेनड्राइव्हमध्ये घरातल्या लग्नाचा व्हिडिओ न्या. ओळखीच्या माणसांच्या चेहऱ्याचा रंग बरोबर येतो की लालभडक, हे आपल्याला लगेच कळतं.

नंतर बाजूला सरका. गावात टीव्ही समोर बसून दोघं-तिघं बघत नाहीत. कुणी दारात उभं असतं, कुणी चुलीपासून मान वळवून बघतं. पडद्याच्या पॅनेलचे प्रकार असतात: आयपीएस पॅनेल बाजूने चांगलं दिसतं, व्हीए पॅनेल समोरून जास्त गडद दिसतं आणि बाजूने फिकं पडतं. नाव लक्षात राहिलं नाही तरी हरकत नाही, भिंतीलगत उभं राहून डोळ्यांनी ठरवा. एक पांढरं आणि एक काळं चित्र लावायला सांगून डाग, रेघ किंवा कोपऱ्यातून फुटणारा उजेड दिसतो का तेही तपासा.

आवाजाकडे लोक दुर्लक्ष करतात. सपाट टीव्हीचे स्पीकर पातळ असतात आणि खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. आपल्याकडे तर चार महिने कूलर घरघरत असतो. गाणं लावू नका, बातम्या किंवा मालिकेतलं बोलणं लावा आणि शब्द न् शब्द कळतो का ते ऐका. समाधान झालं नाही तर एआरसी असलेली, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणारी, एचडीएमआय खाच आहे ना एवढं बघून ठेवा. पुढे साउंडबार त्यावर लागतो.

सातवी पायरी: पैसे

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. ३२ आणि त्याखालच्या टीव्हींवर तो आधीपासूनच १८ आहे. त्याआधीच्या मालावर जुनी किंमत छापलेली असू शकते. बिलात कर किती लावला ते वाचा.

हप्त्यांबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. "झिरो टक्के व्याज" ऐकून लोक सही करतात. असं व्याज नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. व्याज असतं, ते तुम्हाला न मिळालेल्या सवलतीत किंवा प्रोसेसिंग फीमध्ये जाऊन बसतं. त्याच टीव्हीची रोख किंमत विचारा आणि फरक स्वतः काढा. पण खरी अडचण वेगळीच आहे. हप्ता दर महिन्याला येतो, शेतकऱ्याचा पैसा सोयाबीन निघाल्यावर आणि कापूस विकल्यावर येतो. मधल्या महिन्यांत, बियाणं-खताच्या दिवसांत, हप्ता चुकला की दंड लागतो आणि कर्जाच्या नोंदीवर डाग पडतो. तो डाग पुढे पीककर्जाच्या वेळी आडवा येऊ शकतो. पगारदार घराने हप्त्यावर जरूर घ्यावा. शेतीवरच्या घराने कापूस विकेपर्यंत थांबावं आणि रोखीने घ्यावा.

आठवी पायरी: सर्व्हिस आणि बिल

कंपनीचा प्रश्न आता विचारायचा, आणि तो असा: तुमचा माणूस माझ्या गावात येतो का? दुकानातूनच कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावा, पिनकोड सांगा, सर्व्हिस सेंटर कुठल्या गावी आहे आणि घरी येण्याचे वेगळे पैसे लागतात का ते विचारा. दोन टीव्ही जवळपास सारखे असतील तर ज्याचा मेकॅनिक तालुक्याच्या गावी बसतो तो घ्या.

वाढीव वॉरंटी घेताना त्यात पॅनेल आहे का ते वाचा. पॅनेल फुटलं तर त्याचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो, आणि फुटतूट वॉरंटीत धरत नाहीत. मागचे दिवे गेले तर मात्र घाबरू नका. आवाज येतो पण पडदा काळा, असं झालं तर अंधारात पडद्यावर टॉर्च मारून बघा. पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनेल शाबूत आहे, एलईडी पट्ट्या किंवा त्यांचा सप्लाय गेला आहे, आणि ते काम आवाक्यातल्या पैशात होतं. "पॅनेल गेलं" असं कुणी सांगितलं तर आधी ही परीक्षा करा.

पक्कं बिल घ्या. त्यावर दुकानाचा जीएसटी क्रमांक, टीव्हीचं मॉडेल आणि सिरियल नंबर हवा. बिलाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, कागदावरची शाई उडून जाते. दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तिथं मराठीत बोलता येतं. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे.

नववी पायरी: घरी आणणं आणि लावणं

टीव्हीचं खोकं गाडीत उभंच ठेवायचं. आपल्या रस्त्यांवर आडवं ठेवलेलं खोकं दोन खड्ड्यांत पॅनेलला तडा देतं. वर पोतं किंवा किराणा ठेवायचा नाही. ऑनलाइन मागवला असेल तर आणून देणारा समोर असतानाच खोकं उघडा, टीव्ही चालू करा आणि हे सगळं मोबाईलवर चित्रित करा.

चालू झाल्यावर पहिलं काम, बॅकलाइट किंवा ब्राइटनेस साठ-सत्तरवर आणा. शंभरवर चालवलेले दिवे लवकर थकतात, आणि गावातल्या खोलीला एवढा उजेड लागतही नाही. मेनूमध्ये मराठी भाषा असेल तर ती लावून घ्या.

पडदा कोरड्या मऊ कापडाने पुसायचा, तोही टीव्ही बंद करून. काच पुसायचे फवारे, ओला फडका, दोन्ही वर्ज्य. मळणीच्या दिवसांत आणि कापूस घरात भरलेला असताना मागच्या जाळीत धूळ-तंतू बसतात, ते मऊ ब्रशने झटका. आतल्या उबेला पाली आणि मुंग्या येतात म्हणून काहीजण जाळीवर टेप लावतात. तसं केलं तर टीव्ही तापून जाईल. त्यापेक्षा टीव्ही भिंतीपासून थोडा लांब ठेवा आणि आसपास खाण्याचं सांडू देऊ नका. धान्याच्या घरात उंदीर असतातच, त्यामुळे वायरी प्लास्टिकच्या पट्टीत किंवा पाइपात घाला.

राहिला जुना, मागे पोट असलेला टीव्ही. त्याच्या काचेत शिसं असतं आणि आतली नळी निर्वात असते. तांब्यासाठी ती अंगणात फोडली तर काचा उडतात आणि शिसं मातीत जातं. तो नव्या टीव्हीच्या एक्सचेंजमध्ये द्या, पैसे कमी मिळाले तरी. २०२२ च्या ई-कचरा नियमांप्रमाणे, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, जुन्या मालाच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यासोबतचा फ्री डिशचा बॉक्स मात्र देऊन टाकू नका. नव्या टीव्हीच्या एव्ही खाचेला तो तसाच लागतो.